संकासुराने पळवलेले कागद

दर वर्षी १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, आमच्या वाड्यावर एकच नाच व्हायचा. मुलं लष्करी कपडे घालणार, लाकडी बंदुका घेणार, हिंदी सिनेमातलं गाणं लागणार, आणि शेवटच्या कडव्याला एक जण तिरंगा धरून पडणार. सातवीत असताना मीही त्या नाचात होते. पडणाऱ्याच्या हातातून झेंडा घेऊन पुढे धावायचं काम माझ्याकडे होतं आणि धावताना अंगावर काटा आला होता, हे आजही आठवतं. त्या नाचाबद्दल वाईट बोलायचं नाही मला.

पण दोन वर्षांपूर्वी गणेश चवथीच्या दिवसांत आरती आटोपून आम्ही पडवीत बसलो होतो, यंदा काय करायचं ते ठरवत होतो. पंधरा ते बावीस वर्षांची सातआठ मुलं आणि त्यांची ताई म्हणून मी. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मुलांचं काही बसवायचं म्हटलं की सगळे माझ्याकडे येतात. अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "ताई, ह्या नाचात आपला गाव खंय आसा?"

मला उत्तर देता आलं नाही. पोर्तुगीज १५१० ला आले आणि १९६१ ला गेले, ४५१ वर्षं, हे आम्हाला पाठ. पण उत्तर गोव्यातलं आमचं पेडणं नव्या काबिजादींतलं, म्हणजे मागाहून जिंकलेल्या मुलखातलं. इथे त्यांचा अंमल आला तोच अठराव्या शतकाच्या शेवटाला. म्हणजे जी गोष्ट आम्ही दर वर्षी सांगत होतो ती पुरती आमची नव्हतीच. आमची गोष्ट घरात, मागच्या दारी सुपारी कातरत बसली होती.

माझ्या आजीचं माहेर आरोंदा. आमचं घर किरणपाणीच्या बाजूला. मध्ये तेरेखोल नदी. आता पूल आहे, स्कूटरने पाच मिनिटांत पलीकडे. १९५४ च्या वैशाखात आजी होडीतून ही नदी ओलांडून सासरी आली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिचा जन्म सावंतवाडी संस्थानातला. संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं, त्यामुळे लग्नाच्या वेळी ती मुंबई राज्यातली. होडीतून उतरली ती जागा मात्र कागदोपत्री पोर्तुगाल होती. 'वसाहत' हा शब्द पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने १९५१ साली काढून टाकला होता आणि गोव्याला 'सागरापलीकडचा प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी ती आवाज दिला तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दिली गेली होती.

मग १९५५ आलं. १५ ऑगस्टला देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीवर आले आणि पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आमच्याच तालुक्यातल्या पत्रादेवीला करनैलसिंग पडला, पंजाबातल्या इसरू गावचा तरुण. तो तेवढ्या लांबून इथे मरायला का आला असेल, हा प्रश्न मुलांनी तालमीत मला अनेकदा विचारला. त्यानंतर हद्द बंद झाली, येणंजाणं थांबलं. पहिल्या बाळंतपणाला आजीला माहेरी जाता आलं नाही. "म्हायार डोळ्यांक दिसता, पायांक गावना नाय," असं ती अजून म्हणते, जणू तो पूल झालाच नाही.

१९५८ साली तिची आई गेली. कळवायला कोण येणार? भाऊ पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. दुपारची वेळ, आजी धुणं धूत होती. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती आणि डोकं भादरलेलं होतं. त्याने काही ओरडून सांगितलं नाही. ओरडायची गरज नव्हती.

हे सांगताना आजी रडली नाही. अडकित्ता मात्र थांबला. अकरावीतली ती मुलगी वहीत लिहून घेत होती, तिचंही पेन थांबलं.

मी विचारलं, "या काठावर कोण असायचं, अडवायला?" आजी म्हणाली, एक सोल्दाद, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, असायचा. पोर्तुगालने त्या काळात मोझांबिकहूनही सैनिक आणून ठेवले होते, पण हा गोरा होता आणि मिशी फुटायच्या वयाचा होता. "तोय पोरगोच. नदीक बघीत बसा. तेकाय घराची याद येत असतली."

तिथे आमचं नाटक सुरू झालं.

आमच्याकडच्या दशावतारी लोकनाट्यात (त्याच्या खेळाला आम्ही कालो म्हणतो) करायचं हे लगेच ठरलं, कारण आमच्याकडे दुसरं काही पाहत कुणी वाढलेलं नाही. वेंगुर्ला-सावंतवाडीकडच्या कंपन्या जत्रेच्या हंगामात रोज रात्री एका गावात, आणि त्यांना गोवा काय नि महाराष्ट्र काय सारखंच. पेटारा टेम्पोत चढवायचा आणि निघायचं. वाड्यावरच्या एका मामांनी तरुणपणी राजपार्ट केलेले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी दोन गोष्टींना नकार दिला. एक, लिहून आणलेली वही त्यांनी हातात घेतली नाही. "लिवन पाठ केलो तो कालो नसता. आख्यान ठावक होया, मग तोंड आपसूक बोलता." दुसरं, मुली. "स्त्रीपार्ट बाईनंच केलो तर तेची कला खंय रवली?" हे त्यांनी मनापासून विचारलं. आयुष्यभर पुरुषांनी लुगडं नेसून रंगवलेल्या तारामती आणि द्रौपदी त्यांनी पाहिल्या होत्या. त्या कलेचा त्यांना अभिमान होता. मुलगी म्हणाली, "मामा, मी रोज आजीकडे बसतंय. तिचो हात कसो थांबता तो माकाच ठावक." मामांनी तिला अडकित्ता धरून दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं. विषय संपला.

वही मात्र आम्हाला सोडावीच लागली. तिसऱ्या तालमीला मामांनी ती पेटाऱ्यात टाकून झाकण लावलं. मला वाईट वाटलं, त्यातले संवाद माझे होते.

संकासुराची कल्पना मुलांची. ज्यांनी दशावतार पाहिला आहे त्यांना आडदशावतार ठाऊक असेल: गणपती येतो, मोरावरची सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो आणि काळ्या कपड्यातला संकासूर त्याचे वेद पळवतो. देव आणि राजे पुस्तकी मराठीत बोलतात, संकासूर मालवणीत. आमच्या संकासुराने वेदांच्या जागी नोंदणीच्या वह्या पळवल्या. सगळ्या गावाचे जन्म, लग्नं, जमिनी. आणि नदीच्या मधोमध होडीत बसून तो एकेक कागद काढून विचारतो, हा कुणाचा? पोर्तुगालचा? वाडीच्या संस्थानाचा? मुंबईचा? दिल्लीचा? संकासूर झालेला मुलगा दहावी नापास आहे आणि सध्या एका हॉटेलात भांडी घासतो. त्याच्या तोंडून रोज नवा प्रश्न यायचा. एका तालमीत त्याने विचारलं, "कागद बदललो तर नदीचो खारेपणा कमी जाता काय?" मी तीन रात्री जागून लिहिलेल्या वहीत असं एकही वाक्य नव्हतं.

भाषेवरून वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आमच्या पेडण्यात घरात आम्ही जे बोलतो त्याला कुणी कोंकणी म्हणतं, कुणी मालवणी. शाळा मराठी, भजन मराठी, सकाळचा पेपर मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी वापरात जागा मिळाली, आणि त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं. त्या काळातलं भांडण आमच्या आईवडलांनी रस्त्यावर पाहिलं. आमची मुलं त्या भांडणाची वारसदार आहेत, पण दोन्ही भाषा त्यांच्या तोंडात एकाच वेळी असतात, एकाच वाक्यातसुद्धा. तालमीत ठरलं ते असं: राजा आणि साहेब पुस्तकी मराठीत बोलतील, कारण दशावतारात हुकूम त्याच भाषेत सुटतो. आजी आणि संकासूर घरच्या भाषेत. सोल्दाद काय बोलणार? पोर्तुगीज कुणालाच येत नाही. मामा म्हणाले, तो गप्प राहील, फक्त हात पुढे करील आणि म्हणेल, "कागद."

एका एकांकिका स्पर्धेला अर्ज करायचा होता. अर्जात भाषेचा एकच रकाना. फोन केला तर सांगण्यात आलं, मराठी की कोंकणी ते एक ठरवा, अर्धंअर्धं चालणार नाही. मला राग आला आणि अजून आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलं चार महिने खपून पहिल्यांदा आपल्या तोंडातली खरी भाषा मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर, आणतात आणि त्यांना सांगायचं की अर्धी जीभ घरी ठेवून या? आम्ही अर्ज भरला नाही.

सगळ्यात अवघड प्रवेश जनमत कौलाचा. १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे गोवा वेगळा केंद्रशासित प्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. मुलांना हे आकडे सांगितले तेव्हा एकाने विचारलं, "मग फुलाक मत घातलेले लोक खंय गेले?" खरंच, आमच्या पुस्तकात आणि भाषणांत त्यांचं काय झालं ते येत नाही. ते कुठे गेले नाहीत. आमच्यात राहिले, त्यांची नातवंडं आमच्या तालमीला येतात.

आम्ही आजीला विचारलं. आजोबा दोन पानांवाले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांनी भिंतींवर पानं रंगवली होती. आजीने सुपारीचं खांड तोंडात टाकलं, दाराकडे पाहिलं (आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली आहेत) आणि म्हणाली, "मी फुलाक घातलंय. तुझ्या आज्याक म्हायती नाय."

मी तिची नात. सव्वीस वर्षं तिच्याच घरात राहते. मलाही ठाऊक नव्हतं.

मुलगी म्हणाली, "म्हणजे आजी, तुमचो पक्ष हरलो." आजी म्हणाली, "माझो पक्ष बिक्ष नाय गो. माझे भाव पलतडी होते."

हा प्रवेश ठेवायचा की नाही यावर दोन आठवडे गेले. एका मुलाचे वडील तालमीला आले आणि शांतपणे म्हणाले की हे दाखवलंत तर लोक म्हणतील, तुम्ही गोव्याच्या विरुद्ध आहात. त्यांची भीती खोटी नव्हती. मुलांनी ठरवलं, दोघंही मत देताना दाखवायची, नवरा आणि बायको, एकाच रांगेत. तो पान घेऊन येतो, ती फूल घेऊन. आणि दोघं एकाच होडीतून घरी जातात. संवाद नाही, फक्त मृदंग.

आता त्या सोल्दादाबद्दल. ते काम करणारा मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआय करून एसी दुरुस्तीची कामं घेणारा, आमच्यातला सगळ्यात अबोल. तालमीच्या तिसऱ्या महिन्यात कळलं की त्याच्या घरी पोर्तुगालच्या नोंदणीचे कागद चालले आहेत. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुलं आणि नातवंडं पोर्तुगालमध्ये जन्माची नोंद करून तिथलं नागरिकत्व घेऊ शकतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे ते घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. गोव्यातून किती घरं अशी गेली ते इथल्या कुठल्याही वाड्यावर विचारा.

मला तोवर कधी सुचलं नव्हतं की आम्ही झेंडा लावतो तीच तारीख त्याच्या घरातल्या अर्जावर आहे. आमच्यासाठी त्या दिवशी काहीतरी सुरू झालं. त्याला मात्र आपला आजोबा त्या दिवसाच्या आधी जन्मला होता हे सिद्ध करायचं होतं.

मी त्याला एकटं गाठून विचारलं, तुला जायचं आहे का? तो म्हणाला, "ताई, बापायन कर्ज काडलां." मग थोड्या वेळाने, "गेलंय तरी हो कालो करूक येतलंय." मी त्याला काहीच म्हटलं नाही. त्याला देशप्रेम नाही असं जो कोणी म्हणेल त्याने त्याच्या घरी एक महिना राहून पाहावं, एवढंच माझं म्हणणं आहे. तो रोज तालमीला वेळेवर यायचा, सगळ्यांच्या आधी, आणि मांड झाडून काढायचा.

१९ डिसेंबरच्या रात्री साडेदहाला पेटी वाजली. मुलांनी तोंडं स्वतः रंगवली होती, सफेदा घामाने ओघळत होता. देवळासमोर बाकडं, तेच सिंहासन, तीच होडी. आजी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगावर शाल. आडदशावतार झाला, संकासुराने वह्या पळवल्या, लोक पोट धरून हसले. भादरलेल्या डोक्याचा प्रवेश झाला तेव्हा कुणी हललं नाही.

मग शेवटचा प्रवेश. ठरलेलं असं होतं की म्हातारी पैलतीरी जायला निघते, सोल्दाद हात पुढे करतो, "कागद," तिच्याकडे नसतो, ती परत फिरते, आणि संकासूर येऊन बाकडं उलटं करतो.

सोल्दादाने हात पुढे केला. "कागद."

मुलगी म्हणाली, "माझ्याकडे नाय."

तो हललाच नाही. मग त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक घडी केलेला कागद काढला. तो तालमीत कधीच नव्हता. मला लांबूनही कळलं काय असेल ते: त्याच्या आजोबांच्या जन्माच्या नोंदीची झेरॉक्स. तो त्याने तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "माझ्याकडे आसा. वाच."

तिने घेतला. खरोखर वाचायचा प्रयत्न केला. दिव्याकडे धरला, बोट फिरवलं. "माका ही भास येना."

"माकाय येना," तो म्हणाला.

पेटीवाले काका सूर धरून बसले होते, त्यांनी भाता सोडून दिला. इतकी शांतता की मागे जनरेटरची घरघर ऐकू येऊ लागली. विंगेत मामा माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, संकासुराला पाठवू का म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच मान हलवली, नको.

ती मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिने कागदाची घडी होती तशी घातली, त्याच्या खिशात परत ठेवली, वरून हात फिरवला, आणि म्हणाली, "मगे तू थय कोणाक काय सांगतलंस रे, पोरा?"

तो उत्तर देऊ शकला नाही. प्रेक्षकांतून एक म्हातारा ओरडला, "सोड रे तिका! जाव दी!" मग आणखी दोघंतिघं. सोल्दादाने टोपी काढली आणि बाजूला झाला. मुलगी बाकड्यावर चढली आणि पलीकडे उतरली. मृदंग आपोआप सुरू झाला.

नंतर चहा पिताना मी मुलीला विचारलं, ते वाक्य कुठून आलं? म्हणाली, "ठावक ना. आजीनं इचारला असता तसाच."

आजीची तक्रार वेगळीच होती. होडीवाल्याचं काम आम्ही काळ्या टोपीच्या मुलाला दिलं होतं. "तो टोपी घालीत नव्हतो. डोक्याक पंचो बांधी. आणि पैशे घेय नाय, तांदूळ घेय." पुढच्या खेपेला दुरुस्त करा, म्हणाली.

सोल्दाद फेब्रुवारीत गेला. लिस्बनच्या बाहेर कुठल्याशा हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. एकदा रात्री उशिरा त्याने आवाजाचा निरोप पाठवला, मागे भांड्यांचा आवाज. त्याने तिथे कुणालातरी तो कागद वाचायला दिला होता. आजोबांच्या जन्माची तारीख, आईबापांची नावं, आणि धंद्याच्या जागी शेतकरी, एवढंच त्यात लिहिलंय म्हणे. "गावाचें नांव चुकीचें बरयलां," असंही म्हणाला.

यंदाच्या तालमी चवथीनंतर सुरू होतील. त्याची टोपी पेटाऱ्यात आहे, माझ्या वहीवर. होडीवाल्यासाठी पंचा आजीने काढून ठेवला आहे, आजोबांचा.